माझी अंतिम पैसेवारी

सेवानिवृत्तीच्या दिवशी मनुष्यास शाल, श्रीफळ आणि उपदेश अशा तीन वस्तू प्राप्त होतात. पैकी शाल पुढे दुसऱ्या कोणाच्या तरी सत्कारास उपयोगी पडते, श्रीफळाची दुसऱ्याच दिवशी चटणी होते, उपदेश मात्र पेन्शनीप्रमाणे आमरण चालू राहतो. माझ्या वाट्यास जो उपदेश आला तो वक्त्यागणिक शब्द बदलून, परंतु आशयाने एकच असा होता, की आता स्वतःकडे लक्ष द्या. महसूल खात्यात तलाठी म्हणून रुजू होऊन मंडळ अधिकारी म्हणून वयाच्या ५८व्या वर्षी बाहेर पडेपर्यंत ज्या इसमाने सारा काळ इतरांच्या सातबाऱ्याकडे लक्ष देण्यात घालविला, त्याने एकाएकी स्वतःकडे पाहावयाचे म्हणजे नेमके कोठे पाहावयाचे, हे त्या समारंभात कोणी सांगितले नाही. घरी येऊन आरशात पाहिले, तेव्हा लागवडीलायक क्षेत्र कपाळापासून मागे हटत चालले असून पोटाकडील हद्दीवर मोठे अतिक्रमण झाले आहे, एवढेच प्रथमदर्शनी निदर्शनास आले.

आमचा जिल्हाच मुळी महसुली प्रकृतीचा. यवतमाळ या नावातील ‘माळ’ हा ‘महाल’ या शब्दाचा, म्हणजे परगण्याचा, अपभ्रंश होय, असे जाणते लोक मानतात. अकबराच्या दफ्तरात योत-लोहारा म्हणून ज्या परगण्याची नोंद आहे त्यातला ‘योत’ तो हाच, आणि लोहारा आजही शहराला खेटून आहे. इंग्रजी अमदानीत जिल्ह्याचे नाव वणी होते, ते १९०५ साली यवतमाळ झाले. ज्या गावाच्या नावातच वसुलीचा परगणा दडलेला, तेथल्या निवृत्त मंडळ अधिकाऱ्याने आत्मसुधारणा करावयाची ठरविली, तर ती कोण्या सत्पुरुषाच्या ग्रंथातील मार्गाने न होता कचेरीच्या शिरस्त्याने होणार, हे उघड होते. मी एक कोरी नस्ती घेतली, तिला दोरी बांधली, आणि वर सुवाच्य अक्षरांत विषय लिहिला: ‘स्वतःची पैसेवारी ठरविणेबाबत.’

पैसेवारी म्हणजे काय, हे वऱ्हाडातील वाचकास सांगणे म्हणजे मासळीस पोहण्याचे धडे देणे होय. परंतु पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. गावात एखादे पीक प्रमाण उत्पन्नाच्या मानाने यंदा किती आले, हे रुपयात इतके पैसे अशा हिशेबाने ठरवावयाचे, ती पैसेवारी. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा ती आणेवारी होती, आणि १९५७ साली दशमान नाणी येऊन आण्याची सद्दी संपली तरी आमच्याकडील म्हाताऱ्या मंडळींनी ती मनातून अद्याप बरखास्त केलेली नाही. आमच्या विभागात खरिपाची पैसेवारी तीन टप्प्यांनी ठरते: सप्टेंबरात नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित, आणि ३१ डिसेंबरला अंतिम. या तिन्ही टप्प्यांत साऱ्या गावाचे डोळे पन्नास या आकड्यावर खिळलेले असतात. पन्नास किंवा त्याहून अधिक भरली तर सरकारच्या लेखी गावात सारे आबादीआबाद, पन्नासाच्या आत आली तर विपत्ती. जगात इतरत्र पन्नासाच्या वर गुण पडावेत म्हणून लोक देवास नवस बोलतात; आमच्याकडे गावेच्या गावे ते पन्नासाच्या खाली पडावेत म्हणून अर्ज करतात.

नजरअंदाज पैसेवारी धुऱ्यावर उभे राहून ठरविण्यात येते. धुरा म्हणजे दोन वावरांमधील बांध. त्यावर उभे राहिले असता सप्टेंबरातील पीक हिरवेगार दिसते, आणि जे हिरवे दिसते त्यास मनुष्य सढळ हाताने पैसे देऊन मोकळा होतो. निवृत्तीच्या धुऱ्यावर उभे राहून मीही माझ्या आगामी आयुष्याकडे असेच पाहिले. पहाटे उठून पोस्टल ग्राउंडवर पाच फेऱ्या, चहाचा संपूर्ण त्याग, तेल वर्ज्य, रोज दोन तास मौन, क्रोधावर विजय, आणि फावल्या वेळात आत्मचरित्राचे लेखन, अशा सहा पिकांची मी नस्तीत पेरणी केली. लेखनाच्या पिकास तर पूर्वपीठिकाही होती. १९७३ साली ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली यवतमाळला साहित्य संमेलन भरले, तेव्हा मी मिसरूड फुटलेला स्वयंसेवक म्हणून मांडवात पाणी वाटीत होतो; त्यानंतर थेट २०१९ साली अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली दुसरे भरले, तेव्हा मी निवृत्त श्रोता म्हणून पाणी पीत होतो; आणि या दोन संमेलनांच्या दरम्यान मी जे विपुल गद्यलेखन केले ते सारे पंचनाम्यांच्या स्वरूपात असल्याने रसिकांच्या नजरेस पडले नव्हते. ही उणीव भरून काढावयाची होती. एकूण सहाही पिके जोमदार दिसल्यावरून मी माझी नजरअंदाज पैसेवारी अठ्ठ्याहत्तर नोंदविली आणि खाली सही ठोकली.

पोस्टल ग्राउंड, ज्याचे कागदोपत्री नाव समता मैदान आहे, तेथे पहाटे जो समुदाय फिरावयास येतो त्यात निवृत्त मुख्याध्यापक, निवृत्त पोस्टमास्तर, निवृत्त ओव्हरसियर आणि एक निवृत्त न झालेले परंतु घरच्यांनी निवृत्त केलेले कापडव्यापारी, अशी मातब्बर मंडळी असतात. या मंडळींची चाल शकुंतला गाडीसारखी होती. यवतमाळ ते मूर्तिजापूर जाणाऱ्या त्या चिमुकल्या गाडीस १९२१ साली मँचेस्टरात घडलेले वाफेचे इंजिन १९९४पर्यंत ओढीत होते. ती धुराने मोठा आणि गतीने लहान असा प्रवास करी, आणि मधल्या स्थानकांवर पुढे जाण्यापेक्षा थांबण्यातच तिला अधिक रस दिसे. आमचीही एक फेरी पूर्ण होईपर्यंत रक्तदाब, सून, महागाई भत्ता आणि निळोण्याच्या धरणातले पाणी, एवढी स्थानके घ्यावी लागत. आणि दुसऱ्या फेरीच्या आरंभीच कोणीतरी पोह्यांचा विषय काढी. पोहे हे अन्न सात्त्विक आहे; त्यावर जी लाल तर्री ओततात ती तेल आहे की रस्सा, हा प्रश्न डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदात स्पष्ट केलेला नव्हता, आणि संदिग्ध नियमाचा अर्थ अर्जदाराच्या बाजूने लावावा, ही प्रशासनाची जुनी परंपरा आहे. पोह्यांमागून चहा येई. तो मी मागविलेला नसल्यामुळे माझ्या त्यागास बाध येत नसे.

सुधारित पैसेवारीच्या वेळी मात्र एकट्याच्या नजरेवर भागत नाही. समिती लागते आणि पीक कापणीचा प्रयोगही करावा लागतो. ठरावीक मापाचा चौकोन शेतात आखून त्यातले पीक कापून, मळून, तोलून पाहतात. आणि त्यातील मख्खी अशी, की चौकोन कोठे आखावयाचा हे शेतमालकाने ठरवावयाचे नसते, नाहीतर तो नेमका विहिरीजवळचा कोपरा दाखवितो. आमच्या घरी समितीच्या अध्यक्षा, सदस्या आणि सचिव ही तिन्ही पदे सौभाग्यवतीकडे होती. तिने न सांगता एका मंगळवारी चौकोन आखला. रात्री तिने तो पंचनामा मला वाचून दाखविला, तेव्हा माझी सारी नोकरी ज्या भाषेत गेली ती भाषा स्वयंपाकघरात किती भेदक होऊ शकते, याचा मला प्रथमच प्रत्यय आला.

“सकाळी साडेपाचले उठले, दहा पैसे,” ती म्हणाली. “फिराले गेले, दहा पैसे. सदऱ्यावर तर्रीचा डाग घेऊन आले, ते दहाही गेले. दोन तास मौन धरलं. त्या दोन तासांत मले पाच वेळा हातवारे करून पेपर, तीन वेळा चष्मा आणि एकदा खिडकीतून शेजाऱ्याचं मांजर हाकलाले सांगतलं. मौन सुटल्यावर त्या नऊही खुणा मले काऊन समजल्या नाहीत म्हून अर्धा तास भांडले. याचे किती पैसे लिहू, ते तुम्हीच सांगा.”

“आणि आत्मचरित्र?” मी क्षीण स्वरात विचारले.

“एक पान लिहिलं. त्याच्यातही मी नाही.”

सुधारित पैसेवारी बेचाळीस आली. मी रीतसर हरकत नोंदविली. एका मंगळवारवरून साऱ्या वर्षाचा निर्णय करणे अन्यायाचे आहे, त्या दिवशी हवा दमट होती, शिवाय मांजर खरोखरच आगाऊ आहे, इत्यादी मुद्दे मांडले. हे मुद्दे मांडीत असताना मला असा भास होऊ लागला, की हीच वाक्ये मी पूर्वी कोठेतरी ऐकली आहेत. आणि किंचित विचार करता आठवले, की हीच वाक्ये धुऱ्यावर हात जोडून उभे असलेले लोक मला सांगत, आणि मी कागदावरची नजर न काढता ‘वरचा आकडा वरून आला आहे’ असे उत्तर देत असे.

त्यातच नोव्हेंबर उजाडला. नोव्हेंबर हा पेन्शनरांच्या परीक्षेचा महिना होय. या महिन्यात प्रत्येकाने बँकेत जाऊन आपण हयात असल्याचे सिद्ध करावयाचे असते. मनुष्य मेल्याचा दाखला तरी दुसरे लोक मिळवितात, हयातीचा मात्र ज्याचा त्यालाच मिळवावा लागतो. यादीवर सही करून मोकळे होण्याची सोय आहे. परंतु २०१४ साली ‘जीवन प्रमाण’ नावाची अंगठ्याच्या ठशावर चालणारी पद्धत निघाली, आणि आत्मसुधारणेच्या भरात मी ती नवी पद्धतच अंगीकारावयाची ठरविली. यंत्राने माझा अंगठा चार वेळा नाकारला. उजवा नाकारला, डावा नाकारला, रुमालाने पुसलेला नाकारला, ओला करून पुसलेलाही नाकारला. खिडकीपलीकडची मुलगी मोठी सुशील होती; ती म्हणाली, “आजोबा, तुम्ही मले दिसून राहिले, पण मशीनले नाही दिसत.”

वय झाले म्हणजे अंगठ्यावरील रेषा झिजतात, असे तिने सांगितले. माझ्या हयातीत मी किती अंगठे शाईत बुडविले असतील, याची गणती नाही. पऱ्हाटी उपटून, विळा धरून, दोर ओढून गुळगुळीत झालेले ते अंगठे कागदावर काळ्या डागाखेरीज काही उमटवीत नसत, आणि मी त्या माणसांवर खेकसत असे, की अंगठा नीट लाव, दुसऱ्यांदा कागद खराब करू नकोस. त्यांचे अंगठे मातीने झिजले होते, माझा नुसत्या कागदाने झिजला. परंतु अखेरीस यंत्रापुढे सारे सारखेच. त्या मुलीने मात्र माझ्यावर एकदाही आवाज चढविला नाही. तिने मुकाट्याने यादी पुढे केली, मी सही केली, आणि आणखी एका वर्षापुरता अधिकृतपणे जिवंत होऊन घरी आलो.

त्या रात्री मी नस्ती उघडून बेचाळीस या आकड्याकडे बराच वेळ पाहत बसलो, आणि इतकी वर्षे ज्या विषयाचा मी तज्ज्ञ म्हणवून घेत होतो त्यातला मूळ हेतूच आपण विसरलो होतो, हे ध्यानात आले. पैसेवारी शेतकऱ्यास नापास करण्यासाठी काढीतच नाहीत. पन्नासाच्या आत आकडा आला, की गावास सवलती लागू होतात: जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्काची माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, गरज तेथे टँकर, आणि बिल थकले तरी पंपाची वीज न तोडण्याची हमी. ज्याचे पीक बुडाले त्याच्याकडून निदान यंदा तरी पूर्ण वसुली मागू नये, एवढाच त्या साऱ्या खटाटोपाचा अर्थ. हे मी हसत लिहीत असलो तरी आमच्या जिल्ह्यात हा शब्द हसण्याचा नाही. बावन्न आणि अठ्ठेचाळीस यांमधील चार पैसे माझ्या नजरेने इकडचे तिकडे केले, की काही घरांत त्या वर्षी काय घडे, हे मला ठाऊक आहे; कारण त्या घरचे पंचनामेही पुष्कळदा मीच लिहिले आहेत.

तेव्हा बेचाळीस हा आकडा मी मान्य केला आणि सवलतींची अंमलबजावणी घरापासून सुरू केली. पुण्याहून येणाऱ्या नातवाची पावकी-निमकीची तोंडी परीक्षा ही परीक्षा शुल्कासह कायमची माफ करण्यात आली. ती वार्ता ऐकून तो फोनवरच इतक्या जोराने ओरडला, की माझ्या लोकप्रियतेची खरी पैसेवारी मला तेथेच कळून चुकली. मौनाचे निकष शिथिल करून दोन तासांऐवजी, बोलण्यासारखे काही नसेल तेव्हा न बोलणे, एवढेच ठेवले. या शिथिल निकषानेही प्रारंभी मोठे हाल झाले. सौभाग्यवतीकडे १९८४ सालापासून माझी जी येणी बाकी होती, उदाहरणार्थ तिच्या माहेरच्या लग्नात माझा योग्य मान न राखल्याची, त्यांच्या वसुलीस स्थगिती दिली. ती म्हणाली, “स्थगिती काऊन? माफीच करून टाका ना.” मी म्हणालो, “माफीचा अधिकार वरच्या कार्यालयास आहे.” तिने वरती पाहून हात जोडले.

एक मोठी थकबाकी शिल्लक होती. कळंब तालुक्यातील आमच्या गावी माझे आणि धाकट्या भावाचे वावर एकमेकांस लागून आहे, आणि त्या दोहोंमधील धुऱ्यावर वडिलांनी लावलेले एक कडुनिंबाचे झाड होते. ते कोणाच्या हद्दीत येते, या प्रश्नावरून अकरा वर्षांपूर्वी आमच्यात जे वाद झाले त्यात मी, स्वतः महसूल खात्यातला असल्याने, मोजणीची भाषा वापरली, आणि त्याने, स्वतः शेतकरी असल्याने, त्या भाषेस शोभेल असे उत्तर दिले. तेव्हापासून बोलणे बंद. माझे वावर ठोक्याने दुसऱ्याकडे दिलेले असल्यामुळे तिकडे फिरकण्याचेही कारण उरले नव्हते. डिसेंबरच्या अखेरीस, अंतिम पैसेवारीस तीन दिवस बाकी असताना, मी एस.टी.त बसलो. कळंबला उतरून पायऱ्यांनी खाली जाऊन चिंतामणीचे दर्शन घेतले. जमिनीच्या पोटात बसलेल्या त्या गणपतीसमोर मनुष्यास मान खाली घालून उतरावे लागते, ही तेथील रचना माझ्या त्या दिवसाच्या कामास अनुकूल होती. मी झाडावरील हक्क सोडीत आहे, असे एक वाक्य मनात घोळवीत गावी पोहोचलो.

भाऊ वावरात पऱ्हाटी उपटीत होता. अकरा वर्षांत तो मजहून अधिक म्हातारा दिसू लागला होता. मला पाहून त्याने डोक्याचा दुपट्टा काढून घाम पुसला, जरा वेळ पाहिले, आणि काल भेटलो असल्याप्रमाणे म्हणाला, “ये दादा. बैस.”

अशा प्रसंगी कोठून आरंभ करावा हे कळत नाही, म्हणून मनुष्य पिकाबद्दल बोलतो. मी म्हणालो, “अरे, अजून हिरवी बोंडं आहेत झाडावर. एवढ्यात उलंगवाडी करून राहिला?”

“फरदड नाही घ्याची,” तो म्हणाला. “सतराच्या साली बोंडअळीनं कसं केलतं, ध्यानात नाही का? हंगाम सरला का झाड मोकळं कराव. चार बोंडं अजून निघतील म्हून पाणी देत बसलं, का अळी त्याच्यावरच जगते आन् पुढच्या सालचं पीकही खाते.”

फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवून तिच्याकडून आणखी थोडा कापूस उकळण्याचा उद्योग. ज्याने कापसाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल अवाक्षरही काढले नव्हते, त्याच्यासमोर मला उगीचच वरमल्यासारखे झाले. निवृत्तीनंतर काढलेल्या माझ्या सहा पिकांच्या नस्तीस आमच्या भाषेत आयते नाव होते, आणि ते मला ठाऊकही होते.

मग मी विषयावर आलो. घसा साफ करून म्हणालो, “धुऱ्यावरच्या त्या कडुनिंबाबद्दल मला काही सांगायचे आहे,” आणि तसे म्हणताना धुऱ्याकडे पाहिले. धुऱ्यावर कडुनिंब नव्हता.

“पडला,” भाऊ म्हणाला. “वावधनात. तीन वर्सं झाले.”

“तीन वर्षे! आणि मला कळवलेसुद्धा नाहीस?”

“कळवाले आलो असतो,” तो म्हणाला, “पण आपलं बोलनं बंद होतं ना.”

त्याने मला गोठ्याकडे नेले. तेथे पत्र्याखाली, जमिनीस टेकू नये म्हणून खाली विटा देऊन, कडुनिंबाच्या लाकडाची अर्धी थप्पी रचून ठेवलेली होती. दुसऱ्या अर्ध्याचे त्याने दरवाजे केले होते. ही अर्धी मात्र जशीच्या तशी होती. “हे तुया वाट्याचं,” तो म्हणाला. “मोजून ठेवलं आहे. तू मोजनीवाला मानूस.”

“तीन वर्षे असेच पडून? घुण नाही लागला?”

“कडुनिंब आहे दादा. याले घुण नाही लागत.”

मी सूट देण्यासाठी गेलो होतो. येथे तर माझीच बाकी विटांवर रचून ठेवलेली होती. भावजयीने चहा आणला. त्यागाची आठवण झाली, परंतु नस्ती यवतमाळला होती. मी दोन कप घेतले.

रात्री घरी परतल्यावर सौभाग्यवतीने विचारले, “मग, अंतिम किती लिहाची?”

मी म्हणालो, “तू ठरव. समिती तू आहेस.”

तिने माझ्याकडे नीट पाहिले, सदऱ्यावर चहाचा डाग आहे की नाही तेही पाहिले, आणि म्हणाली, “एकोणपन्नास लिहा. एक पैसा मी मुद्दाम कमी ठेवला. पन्नास झाले तर तुमची वसुली पुन्हा सुरू होईन.”